पुढची सीट

१० नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचा! पुण्याहून घोडेगावपर्यंत एसटीनं आणि तिथून पुढे गेणभाऊंच्या जीपनं. डिंभे धरण काठोकाठ भरलंय. रस्ता पाण्याच्या कडेकडेनं वळत जातो आणि गेणभाऊ प्रत्येक वळणावर स्टिअरिंग सोडून हातानं काहीतरी दाखवतात. इथे बिबट्याची भीती किती, असं मी विचारलं. तर म्हणाले, बिबट्या राहतो खाली निरगुडसरकडच्या उसात, आमच्याकडे नुसता पाहुणा येतो.

घर झकास आहे. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढे पाण्याकडे तोंड करून ओटा. मोहितनं हे पहिल्या पगारांतून बांधलं, पण त्याचे आईवडील त्यात एक दिवसही राहिले नाहीत. शंभर पावलांवरच्या जुन्या घरातच ते राहतात. त्याच्या वडिलांनी, दादाभाऊंनी, दोन्ही हातांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ते आश्रमशाळेत शिपाई होते, आता भातशेती करतात. झुंबरबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "लेकाचं घर हाय. त्याचं सायेब ऱ्हायले तर त्याला बरंच वाटंल."

ओट्यावर उभा राहून शीळ घातली. किती वर्षांनी, कुणास ठाऊक.

१२ नोव्हेंबर

पुस्तक लिहायचं तर इथेच. बावीस वर्षं, दोन हजार सहाशे तास, त्यातले बहुतेक लढाऊ विमानांवर. मग एका सकाळी इजेक्शन. सीट माणसाला तोफेच्या गोळ्यासारखं वर फेकते. मणका दबून मी दीड सेंटिमीटर बुटका झालो आणि विंग कमांडर निशिकांत देवस्थळींचं उडणं कायमचं संपलं. मोहित केंगले त्याच सकाळी गेला. वय चोवीस.

तो माझा शिष्य होता. इथल्या आश्रमशाळेतून साताऱ्याच्या सैनिक शाळेत, तिथून खडकवासल्याला, मग वैमानिकाचे विंग्ज. पहिल्या उड्डाणानंतर वर कसं वाटलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, सर, खाली आमच्या गावची खाचरं दिसतात का ते बघत होतो. त्याचं गाव तिथून हजारावर किलोमीटर लांब. मी खूप हसलो होतो.

ट्रेनर विमानात शिकणारा पुढे बसतो, शिकवणारा मागे. सत्तर उड्डाणांत मी मोहितचा चेहरा कमी आणि पाठ जास्त पाहिली. चेहऱ्यापेक्षाही त्याचा श्वास मला जास्त ओळखीचा होता. मास्कमधल्या माईकमधून एकमेकांचा श्वास सतत कानात पडत असतो आणि पोरगा घाबरलाय का, ते त्यावरूनच कळतं. मोहितचा श्वास नेहमी संथ. फक्त प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीकशी अडखळ असायची, दारात पाय अडकावा तशी.

१५ नोव्हेंबर

भातकापणी चालू आहे. कमरेमुळे मला वाकता येत नाही, म्हणून बांधावर बसून होतो. झुंबरबाईंनी नाचणीची भाकरी आणि उडदाचं घुटं पाठवलं होतं. आठ डिसेंबरला गावाच्या वेशीवर मोहितच्या स्मारकाचं अनावरण आहे. मी बोलायचं, असं गावानं ठरवलंय.

पेंढी बांधता बांधता दादाभाऊंनी वर न बघता विचारलं, "सायेब, त्यो तुमचं ऐकत नव्हता का?"

चौकशी अहवालात तेच आहे. विमान सोडण्याचा आदेश तीन वेळा दिला गेला, शिकाऊ वैमानिकानं वेळेत अंमल केला नाही. मी म्हणालो, अशा वेळी भल्याभल्यांचं डोकं गोठतं, त्यात त्याचा दोष नाही. दादाभाऊ बरं म्हणाले आणि पुढची पेंढी बांधायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, लहानपणापासून त्याला एक गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही, म्हणून विचारलं.

१८ नोव्हेंबर

सकाळचे दहा वाजून गेले होते. बंगळुरूहून मुलाचा फोन. तो बोलत असताना मध्ये कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. चालतोयस का म्हणून विचारलं, तर तो ऑफिसात खुर्चीवर बसून होता. फोन ठेवला. श्वास थांबला नाही. आत, बाहेर, आणि शेवटी ती अडखळ.

दोन-तीन मिनिटांत बंद झाला. जुने आवाज परत ऐकू येऊ शकतात, असं इस्पितळातल्या मानसोपचार डॉक्टरांनी सांगितलंच होतं. गोळी घेतली. दिवस छान गेला. धरणावर बदकं उतरली आहेत.

२१ नोव्हेंबर

झुंबरबाई दूध घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. मी स्टोव्ह पेटवला होता का, असं विचारलं. रॉकेलचा लई वास येतोय म्हणाल्या. माझ्याकडे गॅस आहे. घरात रॉकेलचा थेंब नाही.

विमानाच्या इंधनाचा वास रॉकेलसारखाच असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

माझ्या खुर्चीच्या समोर चारेक फुटांवर फरशी काळी झाली होती. त्यांनी फडक्यानं पुसली. फडकं काजळीनं भरलं. कुणीतरी गवत जाळलं असेल, त्याची काजळी वाऱ्यानं आत आली, असं त्याच म्हणाल्या. मी हो म्हटलं. वारा नव्हता.

२४ नोव्हेंबर

औषधं आणायला घोडेगावला गेलो. मी मधल्या सीटवर. पुढे गेणभाऊंच्या शेजारी एकजण बसला होता. बारीक कापलेले केस, हिरव्या कपड्याची ताठ कॉलर. मला फक्त पाठ दिसत होती. सगळ्या वळणांवर आम्ही इकडून तिकडे आपटत होतो. तो हलत नव्हता.

गावात उतरलो तेव्हा तो नव्हता. पुढचा माणूस कुठे उतरला, असं गेणभाऊंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पुढं कोन व्हतं राव? त्या सीटवर कालपासनं खताची गोनी हाय."

गोणी होती. मी हात लावून पाहिली. गरम होती.

२७ नोव्हेंबर

मी बसलो की तो असतो. ओट्यावर बसलो तर माझ्या आणि पाण्याच्या मध्ये. जेवायला बसलो तर ताटाच्या पलीकडे. नेहमी तेवढंच अंतर, नेहमी पाठ. आधी सकाळी दोन-तीन मिनिटं यायचा, आता दुपारपर्यंत बसतो.

कुठेच लिहिलं नाही ते इथे लिहितो. उद्या पान फाडून टाकेन.

विमान नुकतंच वर उचललं होतं. इंजिनात पक्षी गेला. मोठा आवाज झाला आणि मग आवाजच नाही. खाली जमीन दिसत होती, झाडांची पानं वेगवेगळी ओळखता येतील इतकी जवळ. नियम साधा. आदेश मी द्यायचा, आधी त्यानं बाहेर पडायचं, मग मी. त्या जुन्या विमानात बाहेर पडायचं हँडल प्रत्येकाचं वेगळं. मोहितनं फक्त विचारलं, "सर?" शांतपणे. वर्गात विचारावं तसं.

मी हँडल ओढलं. माझं.

आदेश दिला नाही. एकदाही नाही. मला वाटतं, तोंड उघडलं होतं. आठवत नाही. छत्रीखाली लोंबकळत असताना खाली विमान दिसलं. पंख सरळ. कुणीतरी ते सरळ धरून ठेवलं होतं. चार सेकंद. मी मोजले. तो वाट बघत होता.

रेकॉर्डर जळाला होता. मी सांगितलं तेच अहवालात गेलं.

३० नोव्हेंबर

पान फाडलं नाही. हात होत नाही.

आज आदेश दिला. दार लावून, मोठ्यानं, तीन वेळा. इजेक्ट, इजेक्ट, इजेक्ट. त्याची मान हलली नाही. श्वास तसाच संथ. आत, बाहेर, अडखळ. मग हळूच — "सर?"

म्हणजे हे नको आहे त्याला.

३ डिसेंबर

पुण्याला परत जायचं ठरवलं. बॅग भरली. गेणभाऊंची जीप आली, पुढच्या सीटवर तो बसलेला होता. बॅग परत आत नेली.

दुपारी झुंबरबाई आल्या. उंबऱ्यावर बसल्या, आत आल्या नाहीत. पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या की रोज सकाळी तो त्यांच्या दारावरून जातो. त्या हाक मारतात, तो मागे वळत नाही. सरळ माझ्याकडे येतो.

"तुमच्यापाशी काय मागतोय त्यो, सायेब?"

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"जे मागतोय ते दिऊन टाका. लई दमलाय त्यो."

८ डिसेंबर

सकाळी सगळं कागदावर लिहिलं होतं. खरं ते. खिशात होतं.

वेशीवर मांडव, दीडेकशे माणसं. दादाभाऊ पहिल्या रांगेत, नवी टोपी. शेजारी झुंबरबाई. मी माईकपाशी गेलो. तो समोर उभा — माझ्याकडे पाठ, तोंड आईवडिलांकडे. मला वाटलं, त्यांना दिसतोय. झुंबरबाईंना तरी.

कागद काढला. माणसं बघत होती. साहेब, साहेब म्हणणारी माणसं. आणि मी म्हणालो की तीनदा सांगितलं होतं. म्हणालो की विमान खालच्या वस्तीवर पडू नये म्हणून त्यानं ते सोडलं नाही, माझं ऐकलं नाही.

टाळ्या पडल्या. दादाभाऊंनी वाजवल्या नाहीत. ते मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

तेव्हा त्यानं मान वळवली. पहिल्यांदाच. हळूहळू, सगळी —

जे दिसलं ते लिहिणार नाही.

९ डिसेंबर

समोर कुणी नाही. सकाळभर नाही. खुर्ची चार ठिकाणी हलवून बसलो. नाही. वास नाही. श्वास नाही. इतकं हलकं वाटलं की रडलो.

दुपारी तीन. श्वास.

मागून.

मी वळून बघतो तेव्हा भिंत असते. पुन्हा समोर बघितलं की मानेवर — ऊन. म्हणजे उन्हासारखं. आत, बाहेर, अडखळ. तो मागे बसलाय. आता मी पुढे.

१० डिसेंबर

सकाळी खुर्चीत बसलो. उठता येत नाही. खांद्यांवर काहीतरी आवळलंय, पट्टे असतात तसं. दिसत काही नाही. हात तेवढे सुटे. वही मांडीवर होती म्हणून —

बाहेर दादाभाऊ हाक मारताहेत. दार ढकलताहेत. कडी मी लावली नव्हती. मला ओरडता येत नाही. तोंड उघडतं, आवाज नाही.

तळवे भाजताहेत. वहीच्या कडा तपकिरी होताहेत. लवकर लिहितो.

दादाभाऊ, झुंबरबाई — मोहित ऐकत होता. शेवटपर्यंत ऐकत होता. मीच बोललो नाही. मी त्याला सोडून बाहेर पडलो आणि खोटं सांगितलं, तिकडे आणि परवा तुमच्यासमोर. त्याची काही चूक नव्हती. हे हवाई दलाला दाखवा. ही माझी सही — नि. वि. देवस्थळी

लिहिलं. मोहित, लिहिलं. बघ.

पट्टे तसेच. धूर पायापासून — दादाभाऊ खांद्यानं दार — झुंबरबाईंचा आवाज, त्या त्याला हाक मारताहेत, मला नाही, त्याला —

मी विचारतोय. उठू का मोहित? सांग. एकदा सांग, मी

श्वास संथ आहे. तो ऐकतोय. मी पुन्हा विचारलं — तो काहीच बोलत ना