सुभेदारांच्या घराचा आकडा

९ जाने., गुरुवार
ऑफिसची पाटी लागली. डावीकडे अर्धा इंच खाली होती, उतरवून परत लावायला लावली. खालच्या झेरॉक्सवाल्या बापूचं म्हणणं, "आवं, रस्त्यानं जाणाऱ्याला अर्धा इंच दिसतोय व्हय?" मला दिसतो.
दिवसभरात दोघे वर आले. एकाला प्लॉट घ्यायचा होता, दुसऱ्याला कर्ज हवं होतं. घराची किंमत नुसती ठरवून, लिहून देणारा माणूस असतो हे साताऱ्यात अजून पोचलेलं नाही. पोचवावं लागेल.

१३ जाने., सोमवार
तीन बँका. दोन ठिकाणी 'व्हॅल्युअरचं पॅनेल फुल्ल आहे'. तिसऱ्या मॅनेजरने शिक्षण विचारलं. सांगितलं: सांगलीला व्हॅल्युअर साहेबांच्या हाताखाली बावीस वर्षं. प्रत्येक रिपोर्टातली भिंत न् भिंत मी मोजलेली, सही त्यांची. मग क्लास न लावता परीक्षा दिली, तिसऱ्या खेपेला पास. आता सही माझी. त्यांनी कार्ड पेपरवेटखाली ठेवलं. तिथे आधीच सात-आठ होती.
सुनंदा जेवताना म्हणाली, "मार्चअखेर ठरलंय, ध्यानात हाय न्हवं?" आहे. तोवर जम बसला नाही तर परत सांगली, परत साहेबांची टेप धरायची. साहेबांनी खुर्ची रिकामी ठेवलीय. ते जास्त मनाला लागतं.

१८ जाने., शनिवार
बापूची कल्पना चांगली. त्याच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. साताऱ्यापासून बारा कि.मी.वर त्यांचं गाव, माजी सैनिकांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. मंडळात साठेक घरं. कुणाला वाटण्या करायच्यात, कुणाला मृत्युपत्र, कुणाचं पोरगं परदेशी शिकायला निघालंय. सगळ्यांना मूल्यांकन लागणार. दर महिन्याच्या चौथ्या रविवारी बैठक. ठरलं असं की सुभेदारांच्या घराचं काम फुकट करायचं आणि २६ला झेंडावंदनानंतर मंडळापुढे माहिती सांगायची. जाहिरातीला याहून बरी जागा नाही.

२१ जाने., मंगळवार
सुभेदारांचं घर मोजलं. दुमजली, सागवानी दार, ओट्याला ग्रॅनाइट, वर गच्चीत झोपाळा. टेपचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं. "चौदा फूट सात! लिवा!" परेडवरचा आवाज. मला माणूस आवडला. माझ्याइतका टेप सरळ धरणारा पहिल्यांदाच भेटला.
बावीस वर्षांची नोकरी या घरात घातली म्हणाले. खर्च बेचाळीस लाख, पावत्या आहेत.

२४ जाने., शुक्रवार
रिपोर्ट पूर्ण, अकरा पानं. जागेचा भाव गावातल्या दोन नोंदलेल्या खरेदीखतांवरून काढला. बांधकामातून घसारा वजा. आकडा सव्वीस लाख. तीनदा तपासला, तिन्हीदा तोच. खेड्यात एवढं घर विकत घेणारा कोण, हेही धरावं लागतं.
सुभेदारांना आधी दाखवला नाही. आधी दाखवलं की दाब येतो. साहेबांचे दोन रिपोर्ट असेच बदललेले पाहिलेत.

२६ जाने., रविवार
शाळेच्या पटांगणात बोललो. वीस मिनिटं, कागद न बघता. शेवटी नमुना म्हणून सुभेदारांचा रिपोर्ट वाचला. आकड्यासकट.
 मागून एकजण, "सुभेदार, सव्वीसला दिताय का? मी घेतो की!" मग हशा. सुभेदार हसले नाहीत. सगळ्यांना जिलेबी वाटली, मलाही दिली. निघताना हात जोडले. 'या परत' म्हणाले नाहीत.

३ फेब्रु., सोमवार
एकही फोन नाही. बैठकीआधी दोघांनी काम नक्की सांगितलं होतं, दोघांनीही 'पुढं बघू' कळवलं. बापू सांगतो, गावात माझं नाव पडलंय. सव्वीसराव.
"लय चुकलं तुमचं," म्हणाला. "घराचा आकडा असा चारचौघांत वाचत्यात व्हय? सुनेचं वजन सांगितल्यावानी."
आकडा बरोबर होता, म्हटलं.
"मी कुठं आकड्याचं म्हणतोय?"

१४ फेब्रु., शुक्रवार
रिपोर्टाची सही केलेली प्रत द्यायची राहिली होती. गावात गेलो. सुभेदार शेतावर, सुभेदारीणकाकू घरी. त्यांनी चहा केला. कागद पुढे ठेवला तसं विचारलं, "सव्वीस कशावरनं काडलं वो?" दोन खरेदीखतं दाखवली. दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो चुलत भावाचा येव्हार की. थोरल्यानं धाकट्याला दिलं. त्यात खरा आकडा कोण लिवतंय?"
घेणाऱ्याचं-देणाऱ्याचं आडनाव एक होतं, पाहिलं होतं मी. पण अर्ध्या गावाचं आडनाव तेच आहे, म्हणून सोडून दिलं.
साहेब प्रत्येक गावात आधी पारावर अर्धा तास बसायचे. म्हाताऱ्यांशी गप्पा, पानसुपारी. मी टेप घेऊन ताटकळत उभा. मला वाटायचं, वेळ घालवतात.
प्रत दिली नाही. परत आणली.

१७ फेब्रु., सोमवार
पारावर बसलो. अर्धा नाही, दोन तास. आणखी तीन व्यवहार कळले, दोन परक्यांतले, धरण्यासारखे. नवा आकडा एकतीस.
बापू: "आता एकतीस कशाला, चाळीस लिवून टाका. मिटलं!"
एकतीसच आहे ते.

२० फेब्रु., गुरुवार
सुभेदारांना घरी गच्चीत, झोपाळ्यावर गाठलं. चूक कशी झाली ते सगळं सांगितलं.  ते ऐकत राहिले. मग, "एकतीस. म्हंजे खर्चापरीस अजून कमीच न्हवं?"
हो.
"बदलणार न्हाई?"
नाही.
त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. "त्यादिवशी चारचौघांत वाचलंत. आता हे बी चारचौघांतच वाचा."
घरी सुनंदाला सांगितलं. "जाणार?" म्हणाली. म्हटलं, बघू. तिने शर्टाला इस्त्री करून ठेवलीय.

२३ फेब्रु., रविवार
गेलो. मंडळाच्या बैठकीत उभं राहून आधी चूक सांगितली. माझी, दुसऱ्या कुणाची नाही. काकूंनी दाखवून दिली हेही सांगितलं. आकडा मात्र वाचला नाही, नवा रिपोर्ट सुभेदारांच्या हातात दिला. आकडा सांगायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. मागून हाक आली, "सव्वीसराव, आता किती?" सुभेदारांनी नुसतं वळून बघितलं. हाक मारणारा खाली बसला.
त्यांनी चष्मा लावला आणि अकराच्या अकरा पानं वाचली. सगळे बसून.  नवव्या पानावर बोट थांबलं.
"जिना तीन फूट दोन इंच लिवलाय."
होय, म्हटलं.
"मला तीन फूट चार वाटतोय. उद्या सकाळी टेप घिऊन या. मंडळींनी बी यावं, ज्यांना बघायचंय त्यांनी."
जिना तीन-दोनच आहे. मी दोनदा मोजलाय. तरी सकाळी सातच्या एस.टी.ने निघतो. किती मंडळी येतात ते तिथेच कळेल.