परसातला नॉर्मन किल्ला

१८ ऑक्टोबर १९८६, ॲन आर्बर
ही जाऊन आठ महिने झाले. मी सावरलोय. नात विनीता मात्र बिचकलीय. माझ्या खोलीत पाऊल टाकत नाही. यंदा दिवाळीचा किल्ला करून तिला बोलती करायची. तिच्या शाळेच्या पुस्तकात इंग्लंडमधला, अकराव्या शतकातला नॉर्मन किल्ला आहे: मातीचा ढिगारा, पायथ्याशी लांबट अंगण, भोवती खंदक. खऱ्याचं आता नुसतं गवताळ टेकाड उरलंय म्हणे. आपण धडधाकट बांधू. चार दिवसांचं काम.

२३ ऑक्टोबर
कंबर धरली. अंगण सहा फूट लांब झालं, ढिगारा गुडघ्याएवढा. विनीता खिडकीतून बघते. बोलावलं तर म्हणाली, नो थँक यू. लाजते, दुसरं काय.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ
ढिगाऱ्यावर कुणीतरी शाल पांघरून पाठमोरं बसलेलं दिसलं. चष्मा पुसला. कुणी नाही. मी भुतंबितं मानत नाही. तरी उद्यापासून काम सकाळीच. उजेड चांगला असतो.

२८ ऑक्टोबर
सूनबाई दबक्या आवाजात म्हणाली, बाबा, याचा आकार जरा... बघवत नाही हो. अजून लाकडी कुंपण लागलं नाही, म्हणून. मुलगा एवढंच म्हणाला, बाबा, जेवून घ्या. इतिहासाची गोडीच नाही घरात.

३० ऑक्टोबर
किल्ल्यावर पेरलेली मोहरी उगवली नाही. थंडी. पाठीमागे बांगड्या वाजल्यासारखं वाटलं. एखादा डबा वाऱ्याने हलत असेल. डबा शोधला. सापडला नाही.

३१ ऑक्टोबर, हॅलोविन
शेजारच्या बाई म्हणाल्या, काय हुबेहूब थडगं केलंय! त्यांच्या हॅलोविनच्या सजावटीतला, थडग्यावर लावायचा थर्माकोलचा दगड उसना देऊ लागल्या. त्यांना अकरावं शतक नीट समजावून सांगितलं. त्यांनी माझा हात हलकेच दाबला.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
उजाडताच महाराज बसवायला गेलो. विनीता आधीच तिथे. काल मिळालेल्या गोळ्यांतल्या आजीच्या आवडीच्या बटरस्कॉच निवडून अंगणात ओळीने मांडत होती. म्हणाली, जेनीच्या आजीची ग्रेव्ह आहे, तिला भेटायला जाता येतं. आपल्या आजीला तर नदीत सोडलं. यू मेड हर वन, आजोबा.
खुलासा करणार होतो. पण विचारलं, मग माझ्या खोलीत का येत नाहीस? म्हणाली, बिकॉज यू क्राय.
सर्दी होती, म्हणालो.
ती म्हणाली, ओके. नाऊ टॉक टू हर.
महाराज खिशातच राहिले. ढिगाऱ्यावरची माती थापटून सारखी केली. शेवटी म्हणालो, गार आहे, अंगात काहीतरी घाल.
विनीता म्हणाली, आजोबा, आय ॲम वेअरिंग माय जॅकेट.
विनीताला नव्हतोच म्हणालो.