सुसज्ज अभ्यासिका

१ जानेवारी, सकाळ
पत्रकारितेच्या पदवीचं शेवटचं वर्ष. संकल्प एकच: सत्य. शिवाय रोज पाचला उठणे. (आज साडेसात. थंडी होती.)

सरांनी प्रोजेक्ट दिला आहे. महिनाभरात आपल्या गावची एक बातमी छापून आणायची. वर्गातल्या पवनने भागवत सप्ताह निवडला. कीव आली.

माझा विषय आमच्या गावची अभ्यासिका. दोन वर्षांपूर्वी बांधली, तेव्हापासून कुलूप. आत सरपंच सतीशभाऊंच्या मंडप डेकोरेशनच्या खुर्च्या. माझी धाकटी बहीण निता बारावीला आहे, परीक्षा फेब्रुवारीत. घरात खोली एकच आणि तीत बाबांचा टीव्ही. तिला शब्द दिला, पंधरा दिवसांत कुलूप उघडवते. ती म्हणाली, ताई, बातमी कायले पाह्यजे, सीधी चावी माग न.

तिला शोधपत्रकारिता कळत नाही.

३ जानेवारी
खिडकीच्या फटीतून खुर्च्या मोजल्या. एकशे चाळीस. मध्येच कुत्रं अंगावर आल्यामुळे आकडा अंदाजे. पुरावा म्हणून फोटो काढला. काचेत माझाच चेहरा आला आहे.

४ जानेवारी
बातमीला दुसरी बाजू लागते म्हणून सतीशभाऊंकडे गेले. सात प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी आधी चहा दिला. म्हणाले, लिव बाई, बिनधास्त लिव, आपल्या गावच्या पोरीनं नाही लिवाव तं कोनं लिवाव? मग म्हणाले, परवा सहा तारीख, पत्रकार दिन. तालुक्यात सगळीकडे सत्कार होतात, आपल्या गावात पत्रकार कोण? तूच. तुहा सत्कार करू, अभ्यासिकेतच करू.

सातही प्रश्न वहीतच राहिले.

४ जानेवारी, दुपार
विचार केला. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याकडून भेट घेऊ नये, हे पहिल्याच सेमिस्टरला शिकवलं आहे. पण शाल ही भेट नाही, रीत आहे. शिवाय कुलूप उघडणार, आतून पाहणी करता येईल. याला अंडरकव्हर म्हणतात.

६ जानेवारी
कुलूप उघडलं! खुर्च्या बाहेर काढल्या आणि त्यांच्यावरच गाव बसवलं. शाल, श्रीफळ, पेन. आई ठेवणीतली पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत. बाबा येणाऱ्या प्रत्येकाला जयभीम घालून सांगत होते, आमच्या घरातली पयली ग्रॅज्युएट. अजून झाले नाही, हे सांगायला धीर झाला नाही.

‘निर्भीड पत्रकारिता’ या विषयावर मी वीस मिनिटं बोलले. अभ्यासिकेचा मुद्दा शेवटी घेणार होते, पण त्यांचीच शाल अंगावर असताना बरं दिसलं नसतं. शाल काढून बोलावं तर थंडी.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आत, कुलूप बंद. निताने दोन खुर्च्या आत नेऊन ठेवल्या. म्हणाली, जागा मस्त हाये पण, आवाज येत नाही.

७ जानेवारी
आमच्याकडे रीत अशी की ज्याचा कार्यक्रम त्याने बातमी लिहून द्यायची. सतीशभाऊ म्हणाले, आमाले कुठी लिवता येते? म्हणून माझ्या सत्काराची बातमी मीच लिहिली. स्वतःला ‘निर्भीड’ एकदाच म्हटलं. ‘गावातील अभ्यासिकेत’ हे जरा लंगडं वाटत होतं, म्हणून ‘गावातील सुसज्ज अभ्यासिकेत’ केलं.

तालुक्याच्या साप्ताहिकाचे संपादक फय्याजभाई फोनवर म्हणाले, बेटा, पहिल्यांदा कोनाच्या प्रेसनोटले हात लावा नाही लागला. करियर सुरू झालं.

११ जानेवारी
छापून आलं. फोटोत शाल पूर्ण, मी अर्धी.

१९ जानेवारी
खरी बातमी तयार. (पंधरा दिवसांची मुदत चार दिवसांपूर्वी संपली. निताला आठवत नसावं.) फय्याजभाई वाचून म्हणाले, बेटा, मागच्याच हप्त्यात तू सुसज्ज म्हनत होती. आठ दिवसांत काय भूकंप आला काय? आधी हापिसातून काही कागद आन, मंग छापतो.

सत्याला कागद लागतो, हे मान्य आहे.

२३ जानेवारी
तालुक्याच्या ऑफिसात गेले. साहेबांनी फाईल काढली. अभ्यासिका वापरात असल्याचा पुरावा गावाकडे मागितला होता आणि गावाने तो जोडला होता. माझं कात्रण. ‘सुसज्ज’खाली लाल शाईची रेघ.

साहेब म्हणाले, पाहा मॅडम, पेपरातच आलं आहे. मी म्हणाले, ते मीच लिहिलं. ते म्हणाले, मग तर प्रश्नच मिटला.

बसमध्ये विचार केला. ‘सुसज्ज’ हे तथ्य नसून मत आहे. वाटेतल्या जऊळक्याच्या थांब्यापर्यंत हे पटत होतं.

२८ जानेवारी
प्रोजेक्टचे गुण आले. (छापून आलेलं सत्काराचं कात्रणच होतं, तेच जोडलं होतं.) वीसपैकी अठरा. सर म्हणाले, संयत भाषा, अतिशयोक्ती नाही. पवनला चौदा.

घरी निताला सगळं सांगितलं, कात्रणासकट. टीव्हीच्या आवाजात दोनदा सांगावं लागलं. ती पुस्तकातून मान न काढता म्हणाली, मंग आता असं लिव, निता बारावीत पयली आली. तू लिवलं का खरं होते.

अठरा गुणांचं सांगायचं राहून गेलं.

२९ जानेवारी
सरळ चावी मागायला गेले. सतीशभाऊ म्हणाले, लगनाचे दिवस हायेत बाई, खुर्च्या का डोक्यावर ठिवू? मग थांबून म्हणाले, असं कर, दोन लाईनी लिव, सरपंचानं मागनीची दखल घेतली म्हनून. पाहू मंग.

मी नाही म्हणाले. चावी मिळाली नाही. पाच मिनिटांत बाहेर. चहासुद्धा नाही.

३० जानेवारी, संध्याकाळ
टीव्ही बंद केला. आत निता वाचते आहे. बातम्या ऐकल्याशिवाय बाबांना जेवण जात नाही, म्हणून त्यांना अंगणात बसवून मी बातम्या सांगते. दिल्ली झाली, मुंबई झाली. बाबा म्हणाले, हे तं सकाळीच आयकलं, आपल्या गावचं सांग काही.

सांगितलं. अभ्यासिकेला कुलूप आहे. आत मंडपाच्या खुर्च्या आहेत. माझ्या सत्कारापुरतं उघडलं होतं. सुसज्ज वगैरे काही नाही, ते मी लिहिलं होतं.

बाबा म्हणाले, हे छापून येईन काय? म्हटलं, नाही.

म्हणाले, बरं, सांग पुढं. पण हळू सांग, आत पोरगी वाचून राह्यली.