चिडते ती गाडी, मी नाही

२ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. ब्लडप्रेशरचा पट्टा त्यांनी दंडाला इतका करकचून आवळला होता की कुणाचंही प्रेशर चढेल. तसं मी म्हटलं, तर म्हणाले, बघा, हेच. म्हणून ही डायरी. वास्तविक मी चिडत नाही. मी फक्त मुद्दा मोठ्याने मांडतो. पण बायको शेजारी बसून अशी मान डोलावत होती, जणू डॉक्टर तिचा सख्खा भाऊ.
संकल्प: आजपासून शांत. आठवडाभरात डायरी बंद, कारण लिहायला काही उरणारच नाही.

४ नोव्हेंबर, सकाळ
उशीर. कारण पिवळी. पिवळी म्हणजे आमची गाडी. मुलगी झाली त्या वर्षी सेकंडहँड घेतली. रंग सोडला तर आता तिचं काहीही जागेवर नाही. सेल्फ मारला की खोकते आणि गप्प बसते. बायको खिडकीतून म्हणाली, जरा दम धरा, लगेच परत मारू नका. मला शिकवते. लागोपाठ सणसणीत सेल्फ मारले, बॅटरी उतरली. शेजारच्या मास्तरांनी धक्का मारला आणि वर सांगितलं की गाडीशी प्रेमाने वागावं. उचलली जीभ लावली टाळ्याला.
मुलगी समोरून बसस्टॉपकडे गेली. बघितलंसुद्धा नाही.

४ नोव्हेंबर, दुपार
वीज कंपनीत मी तक्रारींच्या खिडकीवर बसतो. लोक येतात तेच तणतणत. आज एकाला शांत राहा म्हणून समजावलं, तर वरच्या मजल्यावरून साहेब खाली आले, काय झालं विचारायला.

६ नोव्हेंबर
मुलीचं एकदाच लिहून टाकतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन महिन्यांपूर्वी तिला गाडी शिकवायला मैदानावर नेलं. मैदानात चिटपाखरू नाही, आणि ही वळताना इंडिकेटर देते. कुणासाठी, म्हणून विचारलं. म्हणाली, सवय लागावी म्हणून. मी शांतपणे समजावलं. समजावताना हात हॉर्नवर पडला असेल, तर ती जागाच अडचणीची आहे. तिने गाडी थांबवली, उतरली आणि चालत घरी गेली. बायको म्हणते रडत होती. मला वाटतं चप्पल लागत असावी.
तेव्हापासून पिवळीत पाय ठेवलेला नाही. पूर्वी शेजारच्या सीटवर बसून सगळ्या जगाची बडबड करायची. मी गप्प बस म्हणायचो. आता बसली आहे गप्प.
संकल्प: तिने माफी मागितली की मोठ्या मनाने माफ करायचं. आपणहून बोलायचं नाही.

९ नोव्हेंबर
मोठ्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि पिवळी झेब्रा क्रॉसिंगवर बंद पडली. मागे हॉर्नचा कल्ला. उतरलो, टायरला लाथ घातली, चार शब्द सुनावले. तिच्या हॉर्नची वायर सैल आहे, ती आपली आपण वाजली. मी पुन्हा बोललो, ती पुन्हा वाजली. उलट उत्तरं देते. घरात काय कमी होतं.
फुटपाथवर एक दाढीवाला पोट धरून हसत होता. जाब विचारायला गेलो, तर निघाला सिनेमाचा डायरेक्टर. एका गाडीवर घरगुती विनोदी सिनेमा काढतोय. गाडी आपली आपण चालते, तिला स्वभाव आहे, नाव तापटराव. म्हणाला, गाव पालथं घातलं, पण अशी जोडी मिळाली नव्हती.
जोडी म्हणाला. माझ्या ड्रायव्हिंगवर लुब्ध झालेला दिसतोय. जाणकार माणूस.

१० नोव्हेंबर
बायकोला सांगितलं, सिनेमात मुख्य भूमिका मिळाली आहे. ती कणीक मळत होती, हात न थांबवता म्हणाली, कुणाला, गाडीला ना? दुर्लक्ष केलं. मुद्दाम मुलीच्या खोलीसमोर उभं राहून पुन्हा मोठ्याने सांगितलं. दार उघडलं नाही. ठीक आहे. पडद्यावर बघेल तेव्हा आपणहून येईल आणि शेजारच्या सीटवर बसेल.

२१ नोव्हेंबर
युनिटच्या शिंप्याने मापं घेतली. भानगड अशी आहे: गाडी बिनड्रायव्हरची दिसायला हवी, म्हणून ड्रायव्हरने सीटचं कव्हर अंगात घालायचं. हातांना भोकं, डोळ्यांपुढे जाळी. लांबून बघणाऱ्याला रिकामी सीट दिसते. म्हणजे मी सिनेमाभर असणार आणि दिसणार नाही. डायरेक्टर म्हणाला, अवघड काम आहे, नटांना जमत नाही. ते पटलं.
शिंपी मात्र वाह्यात. माझ्या पोटाला टेप लावून असिस्टंटला म्हणाला, शेजारची सीटपण फुगवावी लागेल, नाहीतर जोड जुळणार नाही.

४ डिसेंबर
शूटिंगचा पहिला दिवस. पिवळीला पुढून मिशा काढल्या. मला विचारलं नाही. सीटच्या आत भट्टी. हीरोने टपावर चहाचा ग्लास ठेवला, माझ्या गाडीच्या टपावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी सीट होतो, बोलता येईना. सीन असा, की हीरो दार उघडायला येतो आणि तापटराव त्याला बसू देत नाही. त्याने हँडलला हात लावला की मी गाडी पुढे घेत गेलो. ग्लास उडाला, चहा त्याच्या शर्टवर, आणि मी हॉर्न दाबून धरला तो सोडलाच नाही. डायरेक्टर टाळ्या वाजवत धावत आला. पहिल्याच टेकला ओके.
म्हणाला, तुम्ही काही करू नका. रोज चालवता तशीच चालवा.
हे लिहून ठेवतो. घरातल्या लोकांनी वाचण्यासारखं आहे, पण त्यांना दाखवणार नाही.

९ डिसेंबर
रोज ओके. कचराकुंडीला धडक, ओके. चौकात अडून बसणं, ओके. ते ठरलेलं नव्हतं, पिवळी खरंच बंद पडली होती. कॅमेरामन म्हणाला, या तापटरावाला नाकावर माशी बसलेली चालत नाही. मी म्हटलं, मुळात आमची गाडी गरीब आहे, हे सगळं अभिनयाने आणावं लागतं.

१३ डिसेंबर
आज सकाळी गाडीत बसलो तर पोट स्टिअरिंगला अडकलं. सीट कुणीतरी पुढे सरकवलेली. काच पुसलेली, आरसा भलतीकडे. आणि पिवळी पहिल्याच सेल्फला चालू झाली, त्याचा तर फारच संशय येतो. हे युनिटच्या पोरांचं काम. आयत्या बिळावर नागोबा. बायकोला म्हटलं, गाडीची चावी हुकाला लावायची बंद करा. ती म्हणाली, बरं. इतक्या पटकन ती कधी बरं म्हणत नाही.
मुलीचे शनिवारी ज्यादा तास असतात म्हणे. घरी येते तेव्हा गाणं गुणगुणत असते. माझ्या समोर आली की बंद.

१७ डिसेंबर
आज शेवटचा सीन होता. सिनेमातली छोटी दमून मागच्या सीटवर झोपली आहे. सगळ्यांवर गुरगुरणाऱ्या तापटरावाने तिची झोप न मोडता तिला घरी पोचवायचं. रिकामी गल्ली, एक वळण, दारात थांबायचं. बस. याला काय अक्कल लागते?
पहिल्या टेकला क्लच निसटला, छोटी सीटवरून खाली. दुसऱ्याला ब्रेक जोरात. मग खड्डा. त्यानंतर मोजलं नाही. शेवटी छोटीने उठून सांगितलं, काका, मला मळमळतंय. तिची आई माझ्याकडे असं बघत होती, जणू मी मुलं पळवतो.
डायरेक्टर जाळीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, मागे तुमचीच मुलगी झोपली आहे असं समजा.
माझी मुलगी लहानपणी गाडीशिवाय झोपत नसे. चिडचिड करायला लागली की पिवळीत घालायची, तळ्याला एक फेरी मारायची, की मान टाकायची. तेव्हा मी गाडी कशी चालवत होतो ते आठवायला लागलो आणि आठवेना. त्याचाच इतका राग आला की काय सांगू. सीट अंगातून ओढून काढली, शिवण उसवली. म्हटलं, तुमची गल्ली वाकडी आहे. चावी फेकली आणि टॅक्सीने घरी आलो. टॅक्सीवाला फार हळू चालवत होता. त्यालाही सांगितलं.

१८ डिसेंबर
जेवलो नाही. कुणी आग्रह केला नाही, म्हणून नंतर जेवलो. डायरेक्टरचा फोन आला, तो बायकोने घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हळूहळू बोलत होती. माझी समजूत कशी घालावी ते विचारत असणार. मी बधणार नाही.

२० डिसेंबर
रविवार, तरी मुलीचा ज्यादा तास. बायकोही बरोबर गेली. कॉलेजात आयांचं काय काम असतं, देव जाणे. संध्याकाळी पिवळी दारात उभी होती, मिशा पुसून स्वच्छ. पोचवायला कोण आलं होतं विचारलं, तर बायको म्हणाली, युनिटतर्फे सोय झाली. शेवटचा सीनही झाला म्हणे. म्हणजे माझ्यातलाच एखादा टेक ठेवलेला दिसतोय. मला वाटलंच होतं. तिसरा बरा होता.

१४ फेब्रुवारी
ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. साहेब म्हणाले, तुम्ही दिसणार कुठे? म्हटलं, दिसतो तो अभिनय कसला.
मुलगी अजून बसनेच जाते. काल जिन्यात समोरासमोर आलो. मला काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून निघालं, जिन्याचा दिवा कोण बंद करणार. तिने बंद केला.

८ जून, सकाळ
आज सिनेमा लागतोय. तिकिटं डायरेक्टरने पाठवली, तीन. मुलगी येणार आहे, पण बसने. थिएटर जवळ, तरी बसने. हट्टीपणा कुणाचा घेतला आहे कळत नाही. तिच्या आईचा असेल.
संकल्प: ती शरमून माफी मागायला लागली की फार ताणायचं नाही. पाठीवर हात ठेवायचा, म्हणायचं, जाऊ दे.

८ जून, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. पण डॉक्टरांचा हुकूम.
थिएटर गच्च भरलेलं. तापटराव पडद्यावर आला आणि लोक हसायला लागले. अडून बसला, हसले. हीरोच्या अंगावर चहा उडवला, मागचा एक माणूस खुर्चीवरून घसरला. मी छाती काढून बसलो होतो. मग ते सुरू झालं. सिनेमातली आई म्हणते, याला कुणी काही म्हणायचं नाही, स्वतःच बंद पडतो आणि जगावर हॉर्न वाजवतो. माझ्या बायकोने तोंडात पदर कोंबला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे. तर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, अहो तापटराव, गप्प बसा. अख्खी रांग हसली. त्याला माहीतही नव्हतं मी कोण ते.
अपमानाने कान तापले. निघून जाणार होतो. तेवढ्यात शेवटचा सीन लागला.
रिकामी गल्ली. छोटी मागे झोपलेली. पिवळी अशी चालली होती, जशी मी तिला कधी चालताना बघितली नाही. गचका नाही, कुरकुर नाही. थिएटरात खोकलासुद्धा नाही. मी मनात म्हटलं, तिसरा टेक. वळण आलं. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, गल्लीत चिटपाखरू नाही.
आणि पिवळीने इंडिकेटर दिला.
मी मुलीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. बायकोने तिचा हात घट्ट धरला होता. त्या सीटच्या आत ती होती. माझ्या मापाच्या सीटमध्ये. शनिवारचे ज्यादा तास म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल, आणि सराव पिवळीवर. घरात सगळ्यांना माहीत, मास्तरांनाही. मला नाही. मला कुणी सांगितलं नाही, कारण मला काही सांगायची सोयच राहिलेली नाही. हे मी आज लिहितोय, उद्या वाचून खोडेन.
दिवे लागले. पार्किंगमध्ये आलो. पाठीवर ठेवायचा हात खिशात होता, तो चावी घेऊनच बाहेर आला. म्हटलं, जरा हळू सोड, क्लच जुना आहे. ती म्हणाली, माहीत आहे बाबा. बायको पुढे बसली, मी मागे.
पहिल्याच सेल्फला चालू झाली. फितूर कुठची.
मी मागे बसून तिच्या चुका काढणार होतो. एक तरी निघालीच असती. तळ्याच्या वळणापर्यंत आठवतंय, इंडिकेटर टिकटिकत होता.
पुढचं आठवतं ते असं, की गाडी आमच्या दारात उभी, इंजिन बंद, आणि दोघी पुढे गप्प बसून होत्या. बऱ्याच वेळापासून असाव्यात, बाहेर ऊन उतरलं होतं. मुलगी मागे न वळता हळूच म्हणाली, बाबा, घर आलं.
मी म्हटलं, कळतंय मला, जागाच होतो.
बायको म्हणाली, घोरत होतात.