मेलच्या वहीत राहिलेली सही

अप्पा, आज तुमच्याच मेल अकाउंटमधून तुम्हाला लिहायला बसले आहे. अकाउंट अजून चालू आहे. घराचं वीजबिल तिथे येतं, म्हणून दादाने आणि मी ते बंद केलेलं नाही. खरं कारण बिल नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

आकुर्डीच्या घरात तेव्हा तीन कॉम्प्युटर आणि सगळ्यांत मिळून एकच मेल पत्ता, हाच, तुमच्या नावाचा. एक हॉलमधला, एक दादाच्या खोलीतला आणि तिसरा माझा लॅपटॉप. जो आधी उघडेल त्याच्या मशीनवर मेल उतरायचा, बाकीच्यांना काहीच दिसायचं नाही. सकाळच्या नळासारखं, आधी उठेल त्याची कळशी भरणार. तुम्ही कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले, शिफ्ट सुटताना वहीत नोंद केल्याशिवाय माणसाला हलू न देणारे. घरातही हॉलच्या कॉम्प्युटरला तुम्ही सुतळीने वही बांधलीत. मेल कुणाचा, कुणासाठी, कुणी उतरवला, सही. "सही कुठाय?" तुम्ही ताटावरून ओरडताय आणि आई म्हणतेय, "अहो, जेवा आधी. पोरं घरात आहेत, कामावर नाहीत." मला त्या वहीचा इतका राग यायचा! आज ती सापडली तर उशाशी घेऊन झोपेन.

आमच्याशीही तुम्ही मेलनेच बोलायचात. त्याच पत्त्यावरून त्याच पत्त्यावर, माझ्यासाठी असेल तर विषयाच्या जागी 'ताईसाठी'. तुला कामाला जायला चाकणची बस पहाटेच गाठावी लागते, आपली गाठ पडत नाही, असं तुम्ही म्हणायचात. मला वाटतं, मनातलं समोरासमोर सांगणं तुम्हाला जड जायचं.

त्या मंगळवारी निघता निघता मी लॅपटॉप उघडला. 'गुरुवारी हृदयाचे रिपोर्ट दाखवायला जायचे आहे. तू सोबत आलीस तर बरे. एकट्याने जायची भीती वाटते.' तुम्हाला भीती वाटते, हे मी जन्मात पहिल्यांदा वाचत होते. गुरुवारी कंपनीत ऑडिट होतं आणि मी नुकतीच कायम झाले होते. रजा मागायची हिंमत झाली नाही आणि तुम्हाला नाही म्हणायचीही. वहीत सही न करताच मी बस पकडली.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "माझा मेल बघितलास का गं?"

"नाही अप्पा. दादाच्या मशीनवर उतरला असेल. त्याने कालच फॉरमॅट मारलाय."

तुम्ही दादाला फैलावर घेतलंत. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "असेल अप्पा. माझ्याकडूनच उडाला असेल." मग माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. विशेष काही नव्हतं." गुरुवारी तुम्ही एकटेच गेलात. पुढे चार महिन्यांत आम्हाला सोडूनच गेलात.

मेलमध्ये काय होतं ते आईने नंतर दादाला सांगितलं. गेल्या रविवारीही तो म्हणाला, "मी ते मशीन उडवलं नसतं तर अप्पा एकटे गेले नसते." मी त्याच्या कपात चहा ओतला.

हे पत्र मी पाठवणार नाही, पाठवणार तरी कुणाला? पण अप्पा, आता मेल एकाच मशीनवर उतरत नाही. अर्धवट लिहून ठेवलेलंही सगळीकडे दिसतं. दादा रोज सकाळी हे अकाउंट उघडतो, आणि मी हे पुसणार नाहीये. फक्त त्या दिवशी वहीत राहिलेली नोंद खाली करते.

मेल अप्पांचा. ताईसाठी. उतरवला ताईने.