चार बोटं माया

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात, कंबर धरली आहे.) इकडे सगळे खुशाल. भाऊजींचा खोकला आणि हट्ट, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे.

पत्रास कारण, आपली भिंगरी आज पहिल्यांदा शाळेत गेली. गणवेश अर्थातच मी शिवला. शिंप्याच्या लेकीनं तयार कपडे घालायचे म्हणजे दुकानाला कुलूपच लावायचं की! वाढतं अंग म्हणून चहूकडून चार चार बोटं माया सोडली (शिवणीत आत राखलेल्या जास्तीच्या कापडाला आम्ही माया म्हणतो, हे तुला ठाऊक आहे, पण पत्र भाऊजीही वाचतात) आणि उंचीही अंमळ वाढवली. झगा घोट्याला टेकला. बायको म्हणाली, "शाळेत लेकीला पाठवताय की झग्याला?"

फाटकाशी पोचलो तेव्हा मापाची टेप माझ्या गळ्यात तशीच. भिंगरी रडेल म्हणून दोन रुमाल नेले होते. ती कसली रडते! तिला हात सोडवून घ्यायचा होता आणि मीच सोडेना. शेवटी तिच्या बाई हसून म्हणाल्या, "अहो, इतकी माया बरी नव्हे." मी आपला धंद्याचा माणूस. म्हटलं, "असू द्या बाई, पुढच्या वर्षी उसवता येते." बाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. तेवढ्यात हात सुटला आणि भिंगरी पळाली. झग्यात पाय अडकून पडली, उठली, झगा दोन्ही हातांनी वर धरला आणि पुन्हा पळाली. मागे वळून काही बघितलं नाही. मला इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्ही रुमाल मलाच लागले. बाई कशाबद्दल बोलत होत्या, ते दुकानाची पायरी चढताना कळलं.

दुकानात आज कशी छान शांतता! टेबलाखाली बसून "बाबा, हे बटण कुणाचं?" ही कटकट नाही. काम झपाट्यानं उरकलं. वकीलसाहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, एवढंच. संध्याकाळी झगा आखूड केला, जास्तीची माया कापून टाकली. कात्री धरणाऱ्यानं हळवं होऊन कसं चालेल?

तुझा,
धाकटा

ता. क. तुझी धाकटी अजून शाळेची नाही ना? थोडे दिवस पाठवून दे. बटणं निवडायला कुणीतरी हवं आहे. बडबडी असली तरी चालेल.

आणखी ता. क. माया कापली हे खोटं. आत दुमडून कच्चे टाके घातलेत, बाहेरून दिसत नाही. भिंगरीला मात्र घालून बघताच कळलं. म्हणाली, "बाबा, आतून जड लागतंय." म्हटलं, "लागू दे थोडं."