पोरींविरुद्ध एक सोपी मॅच

१ मार्च, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मागच्या दोन वेळा राहिलं, कारण ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं.
इराची सॉफ्टबॉल मॅच बघून आलो. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण, आणि मुळात थोरलीतच दम नाही. बॅट धुण्याच्या मोगरीसारखी, टप्पा नाही, स्पिन नाही. क्रिकेट झेपत नाही त्यांचा टाइमपास. आमची लेक पंधरा वर्षांची, टीमची पिचर, म्हणजे बोलरच. ओ-लेव्हल, म्हणजे इथली दहावी, तोंडावर आलीय आणि हिला ज्युनियर टीमच्या सिलेक्शनचे वेध. म्हटलं, बंद कर, मॅथ्सची ट्यूशन लाव. रडली.

२ मार्च
इरा बोलत नाही. बायको, मीनलही, फक्त जेवायला हाक मारते.

५ मार्च
तोडगा काढला. बाबा लोक विरुद्ध मुली. आम्ही जिंकलो तर सॉफ्टबॉल कायमचं बंद. त्या जिंकल्या तर ती सिलेक्शनला जाईल, मी चकार शब्द काढणार नाही. लगेच हो म्हणाली. बिचारी. मी कॉलेजच्या टीमचा ओपनर होतो, हे तिला माहीत नाही. एकदा होतो.

८ मार्च
सकाळी सातला प्रॅक्टिस. कोणीच आलं नाही. मीही उठलो नाही, पण उठलो असतो तर एकटाच असतो.
शेजारच्या सुबोधने नियम पाठवले. उघडले नाहीत. बॉल आला की मारायचा, त्यात वाचायचं काय?

१३ मार्च
स्ट्रॅटेजी ठरली. आधी टिकायचं, बॉल जुना होऊ द्यायचा, मग हाणायचं. इराला फार धुवायचं नाही. शेवटी एकाच फ्लॅटमध्ये राहायचंय.

१४ मार्च, शनिवार, दुपार
अंपायर पक्षपाती. सुबोध बॉल मारून बॅटसकट पळाला, बेसच्या अलीकडे क्रीज समजून बॅट टेकवली आणि थांबला, बेसला पाय लावलाच नाही. आउट. आमच्यातल्या वरुणने कीपरच्या डोक्यावरून उडवला, आम्ही टाळ्या वाजवल्या, तर म्हणे मागे गेलेला बॉल फाउल. मी शास्त्रशुद्ध फॉरवर्ड डिफेन्स केला आणि समोर कोणी नसताना ‘नो’ म्हणून ओरडलो. इथे बॉल लागला की पळावंच लागतं म्हणे. कसला अडाणी खेळ.
एकवीस-शून्य. तिसऱ्या इनिंगनंतर मॅचच थांबवली. याला मर्सी रूल म्हणतात. शाळकरी पोरींनी आमच्यावर दया करायची. चौथ्या इनिंगमध्ये आम्ही सेट झालो असतो.

१५ मार्च, रविवार
पोटऱ्या धरल्यात.
काल शेवटचा बॅट्समन मीच होतो. इराने एकदम स्लो बॉल टाकला. मी तिचा डाव ओळखला. ऑफ स्टंपच्या बाहेर जाणारा बॉल, बॅट उंच धरून रुबाबात सोडला. सरळ आलेला बॉल सोडला तर स्ट्राइक धरतात म्हणे, तीन झाले की आउट; हा तिसरा निघाला, मी आउट, मॅच खलास.
आज सकाळी सिलेक्शनला निघताना इरा माझ्या पायाला बाम लावून देत बसली. नेहमीसारखं इंग्लिशमध्येच, हळू आवाजात म्हणाली, तो बॉल मुद्दाम सोपा दिला होता. फील्डवरच्या मुलींनाही सांगून ठेवलं होतं, बाबाने मारला तर कोणी पकडू नका, पळू दे त्याला.
मी म्हणालो, बॉल बाहेर जात होता. ती ओके म्हणाली. अजिबात वाद घातला नाही. फार लागलं ते.
ती गेल्यावर मीनलला विचारलं. ती बरोबर कीपरच्या मागे बसली होती.
मधोमध होता म्हणाली.